गजबजलेल्या वस्तीत चांगला बर्गर कसा शोधावा: मेनू सोडा, तवा बघा

खाण्यापिण्याच्या गजबजलेल्या वस्तीत दोन-चार गल्ल्या फिरलं की बर्गरच्या डझनभर पाट्या दिसतात. फोटो सगळ्यांचे सारखेच: उंच बन, वितळतं चीज, मागे अंधार. त्यांतली बहुतेक ठिकाणं तयार पॅटी, तयार बन आणि तयार सॉस आणून फक्त रचण्याचं काम करतात. एखाददुसऱ्या ठिकाणी मात्र खरंच कोणीतरी तव्यावर लक्ष देऊन उभं असतं. शोधायचं ते हे ठिकाण. मेनू, सजावट, नाव यांतलं काहीही त्यासाठी उपयोगाचं नाही. तवा, बन आणि दोन्ही सांभाळणारा हात, एवढंच पाहायचं असतं.

आधी घरबसल्या चाळणी

नकाशाच्या अ‍ॅपवर वस्तीचा मध्य धरा आणि पंधरा मिनिटं चालत जाता येईल एवढाच परीघ घ्या. त्यात ‘बर्गर’ शोधून जी नावं येतील ती सगळी लिहून काढा. पाटीवर बर्गरचं नाव नसलेली बार, कॅफे, फूड ट्रक अशी ठिकाणंही सोडू नका. लहान बारच्या स्वयंपाकघरात मेनू चार-पाच पदार्थांचा असतो आणि त्यातला एक बर्गर रात्रभर सतत जात असतो. हात बसायला तेवढं पुरतं.

आता तारे बघायचे, पण संख्येसकट. चाळीस जणांनी दिलेले ४.९ तारे आणि दोन हजार जणांनी दिलेले ४.३ यांत दुसऱ्यावर जास्त विसंबावं. पहिल्यात निम्मे मित्रमंडळीच असू शकतात. अभिप्राय ‘नवे आधी’ असे लावा, कारण आचारी बदलला की जुनं कौतुक कुचकामी होतं. पाच तारेवाल्यांपेक्षा दोन-तीन तारेवाल्यांचं लिहिणं नीट वाचा. ‘जागा लहान आहे’, ‘रांग होती’, ‘गाणी मोठ्यानं लावतात’ या तक्रारींकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. ‘कोरडा’, ‘थंड’, ‘बन भिजलेला’, ‘आत कच्चा’ हे शब्द दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी वापरले असतील, तर ते नाव खोडा.

सगळ्यात जास्त माहिती मिळते ती गिऱ्हाइकांनी टाकलेल्या फोटोंतून. दुकानानं टाकलेले वगळा. अर्धा चावलेला किंवा कापलेला बर्गर शोधा. त्यात तीन गोष्टी दिसतात: पॅटीचा पृष्ठभाग गडद तपकिरी आहे की सरसकट राखाडी, पॅटी बनच्या कडेपर्यंत पोचते की मध्येच संपते, आणि खालचा बन कोरडा आहे की चिंब. वेगवेगळ्या महिन्यांतल्या चार फोटोंत बर्गर एकसारखा दिसला, तर तिथली पद्धत पक्की बसलेली आहे.

मेनूची लांबीही बघा. बर्गर, पिझ्झा, पास्ता, नूडल्स असे साठ पदार्थ असतील तर पॅटी फ्रीझरमधून येणार हे जवळपास नक्की. कारण साधं आहे: ताजा खिमा एक-दोन दिवसांत संपवावा लागतो, आणि साठ पदार्थांत विभागलेल्या गिऱ्हाइकांत तो संपत नाही. अशा चाळणीनंतर यादीत तीन किंवा चार नावं उरली पाहिजेत.

कोणता बर्गर खायचाय ते ठरवा

एकाच फूटपट्टीनं सगळे बर्गर मोजले तर निकाल चुकतो. मुख्य जाती दोन.

पहिला स्मॅश बर्गर. यात ५५ ते ८५ ग्रॅमचा खिम्याचा सैल गोळा रसरशीत तापलेल्या तव्यावर टाकतात आणि लगेच दाबून पातळ करतात. कडा जाळीसारख्या कुरकुरीत होतात. बहुतेक वेळा दोन पॅटी, दोन चीज. इथे मजा खरपूसपणाची असते. आत गुलाबी भाग शोधू नये, तो नसतोच. तव्यावरच्या गोळ्यावर पातळ चिरलेला भरपूर कांदा ठेवून दाबला की त्याला ओक्लाहोमा पद्धत म्हणतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एल रीनो या गावाची ती ओळख आहे. महामंदीच्या काळात महाग मांस जास्त बर्गरांना पुरावं म्हणून कांदा उपयोगी पडला.

दुसरा जाड बर्गर. पॅटी १५० ते २०० ग्रॅमची, दोन सेंटिमीटरच्या आसपास जाड, तव्यावर किंवा निखाऱ्याच्या जाळीवर भाजलेली. इथे बाहेरचा थर आणि आतला रसाळपणा यांचा मेळ बघायचा. हा करायला जास्त कठीण, म्हणून जास्त ठिकाणी फसतो. नवख्या वस्तीत पहिल्यांदा जात असाल तर स्मॅशपासून सुरुवात करा.

चिकन बर्गरची गोष्ट वेगळी. तळलेल्या तुकड्याचा असेल तर तंगडीचं मांस वापरतात का ते विचारा. छातीचं मांस थोडं जास्त शिजलं तरी कोरडं पडतं, तंगडीचं बरंच सोसून घेतं. छातीचंच वापरत असतील तर ते आधी मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवलेलं असावं.

वेळ

दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. जाड लोखंडी तवा सगळीकडे सारखा तापायला वेळ घेतो आणि पहिल्या काही पॅटी फिक्या निघतात. बंद व्हायच्या आधीचा अर्धा तासही टाळा: तव्याचा निम्मा भाग घासायला घेतलेला असतो, बन दिवसभर उघडे राहिलेले असतात. ऐन गर्दीच्या वेळी तव्यावर एकाच वेळी वीस पॅटी पडतात, तव्याची उष्णता उतरते आणि मांस भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजतं. सगळ्यात बरी वेळ म्हणजे गर्दी सुरू व्हायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास. तवा तापलेला, माणूस ताजा, आणि तुमच्याकडे बघायला मोकळीक.

दारात पाच मिनिटं उभं राहा

सगळ्या शोधातली खरी पाच मिनिटं ही. स्वयंपाकघर दिसत असेल अशा जागी, वाटेत न येता, उभं राहा आणि एक बर्गर सुरुवातीपासून शेवटपर्यंत होताना बघा.

आधी आवाज. खिमा तव्यावर पडला की जोरदार चरचर व्हायला हवी आणि ती टिकायला हवी. मंद बुडबुडल्यासारखा आवाज आला तर तवा थंड आहे. मांसाचा तपकिरी, खमंग थर साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर झपाट्यानं बनू लागतो. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभराच्या पुढे फारसं जात नाही. म्हणून तवा २०० अंशांच्या पुढे हवा, की पाणी क्षणात उडून जाईल.

मग खिमा कुठून येतो ते. ट्रेमध्ये सैल गोळे दिसले तर उत्तम. कागद लावून रचलेल्या चकत्या असतील तरी चालेल, फक्त त्या बर्फासारख्या कडक नसाव्यात. गोळ्यात खिम्याचे दाणे वेगवेगळे दिसायला हवेत. चिकट, गुळगुळीत, कणकेसारखा गोळा दिसला तर कोणीतरी आतच मीठ घालून मळलेला आहे. मीठ मांसातली प्रथिनं विरघळवतं, ती एकमेकांना धरतात आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी होते. मीठ पडावं ते बाहेरून, तव्यावर टाकताना किंवा टाकल्यावर.

दाबण्याची वेळ बघा. गोळा पडल्यापासून पहिल्या तीस सेकंदांत एकदा, जोर लावून दाबणं बरोबर. त्या वेळी आतली चरबी अजून घट्ट असते, ती वाहून जात नाही. पॅटी पलटल्यावर, किंवा अर्धी शिजल्यावर उलथन्यानं पुन्हा पुन्हा दाबणारा माणूस दिसला तर तो रस तव्यावर ओततोय. चरचर वाढते, धूर निघतो, बघायला झकास वाटतं आणि पॅटी कोरडी होते. जाड पॅटी तर अजिबात दाबायची नसते.

पलटताना तो काय करतो? स्मॅश पॅटी सुमारे दीड मिनिटानंतर धारदार, सपाट खरवडणीनं तव्यापासून पूर्ण सुटली पाहिजे. खरपूस थर तव्याला धरून बसलेला असतो. बोथट उलथनं घातलं तर पॅटी वर येते आणि चव तव्यावर राहते. एका बर्गरनंतर तवा खरवडून साफ होतोय का तेही पाहा. जळका भुगा पुढच्या पॅटीला चिकटला की कडवट लागतो.

बन. कापलेली बाजू लोणी किंवा चरबी लावून तव्यावर ठेवली पाहिजे, सोनेरी होईपर्यंत. हे शोभेसाठी नसतं. भाजलेला थर रस आणि सॉस लगेच आत शिरू देत नाही. बन थेट पिशवीतून काढून वर ठेवणाऱ्या ठिकाणी पुढचं काही बघत बसू नका.

आणि शेवटी काउंटर. तयार बर्गर गरम दिव्याखाली रांगेत पडलेत का? शिजवलेल्या पॅटींचा ढीग डब्यात झाकून ठेवलाय का? असेल तर वर पाहिलेलं सगळं वाया.

या पाच मिनिटांत स्वच्छताही कळते. कच्च्या खिम्याला लावलेला हात किंवा हातमोजा धुतल्या-बदलल्याशिवाय बनला लागतोय, कच्चं आणि शिजलेलं एकाच उलथन्यानं उचललं जातंय, हातमोज्यानंच पैसे घेतले जातायत, यांतलं एकही दिसलं तर सरळ निघा.

काय मागवायचं

पहिल्या खेपेला सगळ्यात साधा चीजबर्गर. बेकन, अंडं, तळलेले कांदे, तीन सॉस असलेला ‘स्पेशल’ मागवला तर तळाशी पॅटी बरी होती की वाईट हे कळणारच नाही. भरगच्च बर्गर बऱ्याचदा नेमकं तेच झाकायला असतो.

दोन प्रश्न विचारा, सहज सुरात: ‘खिमा इथेच करता का?’ आणि ‘चरबी किती असते?’ चांगल्या ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन येतं, साधारण वीस टक्क्यांच्या आसपास. पंधराच्या खाली पॅटी भुसभुशीत कोरडी, तिसाच्या वर गेली तर बराचसा भाग वितळून तव्यावर जातो आणि उरलेली पॅटी आकसते. ‘एकदम लीन’, म्हणजे जवळपास बिनचरबीचं, असं अभिमानानं सांगितलं तर ती बर्गरची स्तुती समजू नका.

दोन गोष्टींवर जास्तीचे पैसे घालवू नका. एक, वाग्यूचा, म्हणजे जपानी जातीच्या गाईच्या महागड्या मांसाचा बर्गर. त्या मांसाची किंमत स्नायूंत विणलेल्या चरबीच्या जाळीला असते, आणि खिमा करताना ती जाळीच मोडते. दोन, ट्रफल ऑइल, म्हणजे ट्रफल या महागड्या, सुवासिक भूछत्राच्या नावानं विकलं जाणारं तेल. बाजारातलं बहुतेक ट्रफल ऑइल म्हणजे साध्या तेलात मिसळलेलं कृत्रिम सुगंधी द्रव्य. त्याचा वास बाकी सगळं दाबून टाकतो.

चीजबाबत एक गैरसमज आहे. साधं प्रक्रिया केलेलं, चकतीचं चीज बर्गरवर हलक्या दर्जाचं समजलं जातं. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, त्यामुळे वितळताना चरबी आणि पाणी वेगळं होत नाही आणि चीज पॅटीवर सॉससारखं पसरतं. जुनं, पक्व चेडार चवीला भारी, पण गरम पॅटीवर त्याला तेल सुटतं आणि वर दाणेदार गठ्ठा राहतो. जाड बर्गरवर ते चालून जातं, स्मॅशवर नको.

समोर आल्यावर

फोटो काढायला मिनिटभरच द्या. मधोमध कापा. सुरी दोन्ही बनमधून सहज जायला हवी; बन दाबून चपटा झाला आणि आतलं सगळं बाजूनं बाहेर आलं तर बन जास्त कडक आहे.

कापलेली बाजू बघा. पॅटी बनच्या कडेला टेकलेली असावी. शिजताना ती जवळपास पाव हिश्श्यानं आकसते, म्हणून जाणकार ती बनपेक्षा मोठी थापतात. ज्या ठिकाणी हे विसरतात तिथे पहिले दोन घास नुसत्या बनचे पडतात. जाड पॅटी मध्ये फुगून चेंडूसारखी झाली असेल तर शिजवण्यापूर्वी मध्ये खळगा केलेला नाही. कडा आधी आवळल्या जातात आणि मधला भाग वर ढकलला जातो.

खालचा बन उचलून पाहा. तिथे रस मुरलेला चालतो, लगदा चालत नाही. पॅटीखाली लेट्यूसचं पान किंवा मेयोनेजसारखा चरबीचा सॉस लावलेला असेल तर रचणाऱ्याला पाणी अडवायचं कळतं. टोमॅटो थेट बनला टेकवलेला असेल तर कळत नाही. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं.

आता घास. पहिल्या घासात चारही गोष्टी यायला हव्यात: खरपूस मीठ, चरबीचा गोडवा, पिकलचा (आंबट मुरवलेल्या काकडीच्या चकत्यांचा) आंबटपणा, बनचा मऊपणा. आंबट काहीच नसेल तर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो. पिकल हे सजावट नाही, चरबी कापायला ते लागतंच. घास तोडताना पॅटी दाताखाली सहज मोडावी. ताणावी लागली तर खिमा मळलेला आहे. तोंडात वाळूसारखी पसरली तर जास्त शिजलेली आहे. बनची गोडी मांसाच्या वर गेली तर ब्रिओश चुकीचा निवडलाय. लोणी-अंड्याचा तो बन जाड, मिठाच्या चवीच्या पॅटीबरोबर चांगला लागतो. पातळ स्मॅशला बटाटा घातलेला मऊ बन जास्त जमतो.

उंचीबद्दलही बोलायला हवं. तोंडात न मावणारा बर्गर हा रचनेतला दोष आहे. काटा-चमचा लागला की थर वेगळे झाले, आणि थर वेगळे झाले की बर्गर संपला.

फ्राइज चाखून बघा, त्यांवरून तेलाची अवस्था कळते. दोनदा तळलेल्या, म्हणजे आधी साधारण १५० ते १६० अंशांना शिजवलेल्या आणि मग १८० ते १९० ला कुरकुरीत केलेल्या फ्राइज पाच मिनिटांनीही ताठ राहतात. मासळीसारखा किंवा रंगासारखा वास आला, चव जिभेच्या मागे चिकटली, तर तेल थकलेलं आहे.

कच्चेपणाबद्दल, थोडं गंभीरपणे

अखंड मांसाच्या तुकड्यावर जिवाणू बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, तो भाजला की बहुतेक मरतात. खिमा करताना तेच जिवाणू आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिम्याची पॅटी आतून ७१ अंश सेल्सिअस आणि चिकन ७४ अंशांपर्यंत जायला हवं, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं मार्गदर्शन आहे. नुसत्या रंगावरून निर्णय घेऊ नका. काही खिमा तापमान गाठण्याआधीच तपकिरी पडतो, काही गाठल्यावरही गुलाबी राहतो. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि आजारातून उठलेले यांच्यासाठी पूर्ण शिजवलेलाच मागवा. पातळ स्मॅश या बाबतीत जाड पॅटीपेक्षा निर्धोक, कारण तो आरपार शिजतोच.

मांस न खाणाऱ्यांसाठी

चांगला शाकाहारी बर्गर शोधणं जास्त अवघड, आणि कारण चवीपेक्षा पोताचं आहे. दाबून पाहिल्यावर पॅटी बाजूंनी बाहेर येत असेल तर आत पाणी राहिलंय. राजम्याच्या जातीचे काळे दाणे वापरले असतील तर ते ठेचण्यापूर्वी ओव्हनमध्ये कोरडे करायला हवेत. मशरूम असेल तर त्याचं पाणी आधी तव्यावर उडवायला हवं. ज्या ठिकाणी हे करतात तिथे पॅटीला बाहेरून कुरकुरीत थर आणि आत वेगवेगळे दाणे लागतात, बाळाच्या खिमटीसारखा एकजीव गोळा नाही.

वनस्पतीजन्य ‘मांसा’च्या पॅटी वेगळ्या. बियॉन्ड आणि इम्पॉसिबल या दोन्ही नावांच्या पॅटी २०१६ मध्ये विक्रीला आल्या आणि मग हा प्रकार जगभर मेनूंवर पोचला. त्यांत बांधणीसाठी मिथाइलसेल्युलोज असतं. हा पदार्थ गरम असताना घट्ट होतो आणि थंड झाल्यावर सैल पडतो. म्हणून या पॅटीचा बर्गर गरमागरम खाल्ला तर बरा, पंधरा मिनिटांनी लिबलिबीत.

काटेकोर शाकाहारी असाल तर काउंटरवर चार गोष्टी स्पष्ट विचारा: तवा वेगळा आहे का, उलथनं वेगळं आहे का, फ्राइज त्याच तेलात तळता का ज्यात चिकन तळता, आणि मेयोनेजमध्ये अंडं आहे का. फ्राइज काही ठिकाणी चक्क गाईच्या चरबीत तळतात, मेनूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. ब्रिओशमध्ये सहसा अंडं असतं. तिळाची, दुधाची किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर बनबद्दल आधी विचारा.

पार्सल

शक्यतो नको. बंद डब्यात वाफ कोंडते; दहा-बारा मिनिटांत कुरकुरीत कडा मऊ पडतात आणि बन ओलसर होतो. न्यायचंच असेल तर जाड बर्गर घ्या, सॉस आणि टोमॅटो वेगळे मागा, फ्राइज वेगळ्या कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून. डब्याचं झाकणही बोटभर उघडं ठेवा. घरी गेल्यावर बर्गर सुटा करा, पॅटी गरम तव्यावर ठेवा, बनची कापलेली बाजू अर्धा मिनिट भाजा, मग पुन्हा रचा. मायक्रोवेव्हमध्ये अखंड बर्गर ठेवला की लेट्यूस शिजतं आणि बन चिवट होतो.

एका संध्याकाळी तीन ठिकाणं

दोघं किंवा तिघं मिळून जा. प्रत्येक ठिकाणी एकच साधा चीजबर्गर, वाटून. फ्राइज फक्त एकाच ठिकाणी, नाहीतर तिसऱ्यापर्यंत पोट आणि जीभ दोन्ही थकतात. कोल्ड्रिंकऐवजी पाणी प्या, साखरेनं मिठाची जाण बोथट होते. दोन ठिकाणांत निदान वीस मिनिटं चालणं ठेवा.

फोनमध्ये पाच खुणा टिपा: खरपूसपणा, रस, बन, समतोल, आणि ऑर्डर दिल्यापासून हातात येईपर्यंतची मिनिटं. स्मॅश तीन मिनिटांच्या आत हातात आला तर तो आधीच तयार होता. पाच ते दहा मिनिटं हा योग्य काळ. जाडसाठी पंधरापर्यंत धरा.

जे ठिकाण पहिलं येईल तिथे पंधरा दिवसांनी पुन्हा जा, वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी, शक्यतो तव्यावर दुसरा माणूस असताना. तोच बर्गर मागवा. दुसऱ्या खेपेला कडा तशाच कुरकुरीत आणि बन तसाच सोनेरी आला, तर तिसऱ्या खेपेला खुशाल त्यांचा ‘स्पेशल’ मागवा.